घरी बनवलेला प्रोजेक्ट गिटहबवर टाकण्याआधी काय तयारी करावी?

टाकीतल्या पाण्याची पातळी दाखवणारं यंत्र बनवलंय, पण कोड विस्कळीत आहे, तो नीटनेटका होईपर्यंत गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांसाठी ठेवायच्या वेबसाइटवर, टाकायचं थांबू का, असं तुम्ही विचारलंय. थांबू नका. विस्कळीत कोड वाचणारा वाचतो. माणसं अडतात ती जोडणीपाशी.

मी गच्चीवरच्या टाकीसाठी असंच यंत्र केलं होतं: ईएसपी८२६६ हा वायफाय असलेला छोटा बोर्ड आणि एचसी-एसआर०४ हा अंतर मोजणारा सेन्सर. हा सेन्सर ५ व्होल्टवर चालतो, त्याच्या एको पिनवरही (जिथून तो बोर्डाला सिग्नल देतो) ५ व्होल्टच येतात, आणि बोर्डाच्या पिना ३.३ व्होल्टच्या. म्हणून मध्ये १ आणि २ किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवलं होतं. जोडणीच्या आकृतीत मात्र ते दाखवायचेच राहिले. रोज डोळ्यांसमोर होते, त्यामुळे ते वेगळं सांगावं लागेल असं मनातच आलं नाही. मित्राने रीडमी (प्रोजेक्टसोबतची माहितीची फाइल) वाचून सेन्सर थेट बोर्डाला जोडला, तेव्हा चूक कळली. म्हणून माझं कळकळीचं सांगणं: सगळ्या वायरी काढा आणि फक्त तुमची रीडमी वाचून यंत्र पुन्हा जोडा. जिथे हात आठवणीने पुढे जाईल, तिथे एक ओळ लिहायची राहिली आहे. यंत्र पंपही चालवत असेल, तर रिलेपलीकडे (पंप चालू-बंद करणाऱ्या स्विचपलीकडे) २३० व्होल्ट आहेत हे सगळ्यात वर लिहा.

वायफायचा पासवर्ड कोडमध्ये आहे का बघा. एकदा कमिट झाला, म्हणजे गिटमध्ये नोंदला गेला, की नंतर पुसून भागत नाही, गिट जुना इतिहास जपून ठेवतं. रेपो (प्रोजेक्टचं गिटहबवरचं फोल्डर) सार्वजनिक झाला असेल तर आधी राउटरचा पासवर्ड बदला, बाकीचं मग. पुढे तो वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि तिचं नाव गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत, घाला.

लायसन्स जोडाच. ते नसेल तर कोड सगळ्यांना दिसतो, पण वापरायची परवानगी कोणालाच मिळत नाही. साध्या कोडला एमआयटी लायसन्स पुरतं, सर्किटसाठी सर्न या संशोधन संस्थेचं ओपन हार्डवेअर लायसन्स आहे.

आणि काय जमलं नाही तेही लिहा. नंतर मी जलरोधक जेएसएन-एसआर०४टी सेन्सर लावला. त्याला साधारण २० सेंटिमीटरच्या आतलं अंतर मोजता येत नाही, त्यामुळे टाकी काठोकाठ भरली की आकडा चुकायचा. तसं रीडमीत लिहिलं. काही दिवसांनी एका अनोळखी माणसाने उपाय कळवला: झाकणावर पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा करून सेन्सर त्याच्या टोकाला बसवा. आज माझ्या टाकीवर तोच पाइप आहे.