वाळूचे खड्डे मुद्दाम कशाला?

प्रश्न : खारघरला सिडकोचा गोल्फ कोर्स मुलाला दाखवायला नेलं होतं. डोंगराच्या पायथ्याची जागा झकास आहे. पण एवढी छान हिरवळ करायची आणि मध्येच वाळूचे खड्डे कशाला? झाडंही नेमकी वाटेतच. सगळ्यांसाठी कोर्स करायचा तर तो सोपा नको का?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : असले खड्डे खणून घेण्यातच माझी सारी नोकरी सरली, तेव्हा मी त्यांची बाजू घेणारच!

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या जुन्या कोर्सना वाळू फुकटची होती. पार्कलँड कोर्स समुद्रापासून आत, मातीच्या जमिनीवर, झाडांमध्ये बसवलेला. तिथे वाळू ट्रकने येते. त्यामुळे प्रत्येक बंकर, म्हणजे हा वाळूचा खड्डा, कुणासाठी, हे आधी ठरवावं लागतं. नवख्या उजखोऱ्याचा चेंडू हमखास उजवीकडे वळतो. सार्वजनिक कोर्सवर तिकडेच बंकर आणि झाडी कोंबली, तर तो बिचारा दिवसभर चेंडू शोधत बसेल आणि मागचे शिव्या देत उभे राहतील. म्हणून उजवी बाजू ऐसपैस सोडावी. बंकर डावीकडे, जिथून पुढचा फटका सोपा जातो तिथे. मुरलेल्या खेळाडूला तीच जागा हवी असते, तर घे म्हणावं धोका! अमेरिकन गोल्फपटू बॉबी जोन्सबरोबर तिथला ऑगस्टा कोर्स आखणारा अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी पेशाने डॉक्टर. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात त्याने लपवाछपवीची कला जवळून पाहिली आणि ती कोर्सच्या आखणीत आणली. दुरून बंकर ग्रीनला, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीला, चिकटलेला वाटतो, जवळ जावं तर मध्ये भरपूर जागा. कमकुवत खेळाडूला वळसा घालून जाता आलं पाहिजे, यावर त्याचा कटाक्ष होता.

झाडांबद्दल तुमचं अर्धं पटतं. ग्रीनच्या पूर्वेला खेटून झाड असलं की सकाळचं ऊन अडतं आणि गवत विरळ होतं. सावलीचं कौतुक फेअरवेच्या, म्हणजे ग्रीनपर्यंत नेणाऱ्या गवताळ पट्ट्याच्या, कडेला.

खरं डिझाइन मात्र जमिनीखाली. चांगलं ग्रीन उभं कापलं तर तळाशी चरांत भोकं पाडलेले पाइप, त्यावर 4 इंच बारीक खडी आणि वर 12 इंच वाळूचं मिश्रण. गंमत अशी, की खडीवर टेकलेली ही वाळू पाणी लगेच सोडत नाही. मुळांपुरतं धरून ठेवते आणि पुरती भिजली की जास्तीचं खाली सोडते. आपल्या पावसात नुसत्या लाल मातीवर ग्रीन केलं, तर ऑगस्टपर्यंत शेवाळ. कंत्राटदार पैसे वाचवतो तेही इथेच, कारण वरून सगळं हिरवंच दिसतं.

सार्वजनिक कोर्सवर पायांची वर्दळ फार. ग्रीनवरचं चेंडू पाडायचं भोक जेमतेम सव्वाचार इंचांचं, पण ते एकाच जागी राहिलं तर भोवतालचं गवत मरतं. म्हणून ते वरचेवर हलवतात आणि त्यासाठी ग्रीन मोठं लागतं.

मुलाला खेळवणार असाल तर सर्वांत पुढच्या टीवरून (टी म्हणजे पहिला फटका मारायची जागा; पुढची ती भोकाला जवळची) सुरुवात करू द्या. मागच्या टीचा हट्ट बापांचाच असतो.