चिपीच्या भरवशावर होमस्टे काढावा का?

तुमचा प्रश्न असा: परुळ्याजवळ वडिलोपार्जित घर आहे, त्यात चार खोल्यांचा होमस्टे काढायचाय. पण सिंधुदुर्गातलं चिपी विमानतळ टिकणार की गाशा गुंडाळणार हे कळल्याशिवाय बँकेचं कर्ज घ्यायचा धीर होत नाही.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. विमानतळ बंद पडेल असं मला वाटत नाही, पण त्याच्यावर विसंबून कर्जाचा हप्ता ठरवू नका. मी लहान विमानतळांच्या कामकाजात नोकरी केली आहे, त्यामुळे काचेच्या आतल्या बाजूने हे प्रकरण कसं दिसतं ते जरा सविस्तर लिहितो.

लोकांना वाटतं, विमानं कमी म्हणजे खर्चही कमी. तसं नसतं. दिवसाला एकच एटीआर, म्हणजे ७० आसनांचं पंख्याचं लहान विमान, येणार असलं तरी ते येण्याआधी धावपट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासावी लागते. खडा, मेलेला पक्षी, गवत कापताना उडालेला तारेचा तुकडा, काहीही चालत नाही. अग्निशमनचा बंब पाणी आणि फोम भरून, कर्मचारी अंगावर पोशाख चढवून तयार लागतो. बॅगा तपासणारं यंत्र, ते बघणारी प्रशिक्षित माणसं, हवामानाची नोंद, वाहतूक नियंत्रण, रुग्णवाहिका, पक्षी हाकलणारे, कुंपणाची गस्त, सगळं लागतं. विमान अर्धा तास थांबून निघून जातं. या सगळ्यांचा पगार मात्र महिन्याचाच द्यावा लागतो. उद्या एकाची चार विमानं झाली तरी या खर्चात फार मोठी भर पडत नाही. म्हणजे पहिलं विमान सगळ्यात महाग पडतं, आणि आपल्याकडच्या बऱ्याच विमानतळांची गाडी त्या पहिल्याच विमानावर अडकलेली आहे.

आता उत्पन्नाची बाजू बघा. ८० पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत नियमित विमानांना आपल्याकडे वर्षानुवर्षं लँडिंगचं शुल्कच माफ आहे. चिपीला येणारी एटीआर बरोब्बर त्याच गटातली. त्यात मार्ग ‘उडान’ या केंद्राच्या लहान शहरांसाठीच्या विमानसेवा योजनेतला असेल तर विमान उभं करायचं शुल्कही माफ. इंधनावरचा व्हॅट राज्याने १ टक्क्यावर आणलेला, कारण केंद्राची अटच तशी. उरलं काय? प्रवाशांकडून घेतलं जाणारं शुल्क, पार्किंगमधल्या चार गाड्या आणि एक चहाचा स्टॉल. ७० आसनी विमान रोज एकदा आलं-गेलं, दोन्ही वेळा गच्च भरलं आणि वर्षात एकदाही रद्द झालं नाही, तरी वर्षाचे प्रवासी होतात ५१ हजार. युरोपियन आयोगाने २०१४ साली सरकारी मदतीचे नियम ठरवताना असं धरलं होतं की वर्षाला २ लाखांपर्यंत प्रवासी असलेल्या विमानतळाला स्वतःचा चालू खर्चही बहुतांशी भागवता येत नाही. आपण त्याच्या पाव हिश्शावर आहोत, तेही कागदावर.

त्यामुळे ‘चिपी तोट्यात का?’ या प्रश्नात मला काही दम वाटत नाही. तोट्यातच असणार. तो तोटा कोणी आणि किती वर्षं सोसायचा, हे बघायला हवं.

चिपीचा इतिहास बहुतेकांना माहीत आहे, म्हणून पटकन सांगतो. एमआयडीसीची जमीन, आयआरबी या खासगी कंपनीला बांधा-वापरा-हस्तांतरित करा पद्धतीने दिलेलं काम, अडीच किलोमीटरची धावपट्टी. २०१८ च्या गणेशचतुर्थीच्या सुमारास चाचणीचं विमान उतरलं आणि प्रत्यक्ष उद्घाटनाला ९ ऑक्टोबर २०२१ उजाडलं. मुंबईची सेवा अलायन्स एअरने ‘उडान’मधून सुरू केली. निम्म्या आसनांना भाड्याची मर्यादा, आणि कंपनीला होणारी तूट ८० टक्के केंद्राच्या निधीतून, २० टक्के राज्याकडून. ही मदत ३ वर्षांची असते. ३ वर्षं २०२४ च्या ऑक्टोबरात भरली आणि मुंबईचं विमान थांबलं. यात कोणाला धक्का बसला असेल तर त्याने योजनेचे नियम वाचले नव्हते, एवढंच म्हणेन. कॅगचा २०२३ चा अहवाल बघा: ‘उडान’च्या बोलीच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग दिले गेले, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी पूर्ण ३ वर्षं चालले ११२, आणि मदत संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत तग धरून होते फक्त ५४. चिपी-मुंबई हा अपवाद नव्हता, नेहमीचाच नमुना होता.

मध्यंतरी गोव्याचं मोपा विमानतळ आलं. डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन, जानेवारी २०२३ पासून विमानं. बांद्यातून निघालं की थोड्याच वेळात तिथे. दिल्ली, मुंबई, बंगळूर, हवी तेव्हा विमानं, मोठी विमानं, म्हणून भाडंही स्पर्धेतलं. सावंतवाडीचा माणूस चिपीला कशाला जाईल? वेंगुर्ल्याचाही विचारात पडतो. मोपा लांब पडतं ते मालवण, देवगड, कणकवलीला. आणि कणकवलीला तर २०२३ पासून वंदे भारत थांबते. चिपीच्या वाट्याला उरलेला टापू खरंच लहान आहे.

याहून मोठी अडचण मागणीच्या स्वरूपात आहे. गणपती, शिमगा, मे महिना, नाताळ, एवढ्या दिवसांत चाकरमानी आणि पर्यटक मिळून दिवसाला तीन विमानं भरतील. तेव्हाही मुंबईहून येताना भरलेली आणि जाताना अर्धी रिकामी. विसर्जन झालं की उलट. आषाढात कोण येणार? शिवाय चिपी सड्यावर आहे. पावसात ढग खाली उतरले की विमान घिरट्या घालून परत जातं. दोनदा असं झालं की पुढच्या वेळी माणूस मुकाट्याने कोकणकन्येचं तिकीट काढतो. विमानसेवा बहुतेकदा महाग भाड्यापेक्षा अशा बेभरवशाने मरते. कोल्हापूरचं विमानतळ टिकलं याचं कारण तिथे उद्योगधंदा आहे, देवदर्शन आहे, बाराही महिने दोन्ही बाजूंनी जाणारी-येणारी माणसं आहेत.

हापूस विमानाने जाईल, ही आशा बरेच जण दाखवतात. ते विसरा. एटीआरच्या पोटात प्रवाशांच्या बॅगा भरल्यावर जागा उरते किती? आणि अमेरिका, युरोप, जपानला जाणाऱ्या आंब्यावर विकिरण, गरम पाणी किंवा बाष्प प्रक्रिया लागते. त्यातली मोठी केंद्रं वाशीला. पेटी ट्रकने वाशीला जाणारच आहे, मग मध्ये विमान कशाला? मुंबईत जागा नाही म्हणून रात्री विमानं चिपीला मुक्कामी ठेवायची कल्पनाही अशीच. रिकामं विमान साडेतीनशे किलोमीटर आणायचं आणि सकाळी परत न्यायचं, याचं इंधन कोण भरणार?

मग बंद का पडणार नाही म्हणतो? एक तर ‘फ्लाय ९१’ या विमान कंपनीने २०२४ पासून पुणे, हैदराबाद, बंगळूरकडून चिपीला विमानं आणली. पुण्याहून रेल्वेने येणं अजूनही जिकिरीचं, घाट उतरून रस्त्याने येणं कंटाळवाणं, त्यामुळे मला त्या मार्गात मुंबईपेक्षा जास्त जीव वाटतो. दुसरं, नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन २०२५ च्या ऑक्टोबरात झालं. जुन्या मुंबई विमानतळावर एका वेळी एकच धावपट्टी चालते, तिथला प्रत्येक स्लॉट, म्हणजे उतरायची-उडायची ठरलेली वेळ, १८० आसनी विमानाला सोन्याच्या भावाने हवा असतो; ७० आसनी एटीआरला सोयीची वेळ मिळणार कुठून? नवी मुंबईत ती मिळू शकते, आणि पनवेल, ठाणे, डोंबिवलीचे चाकरमानी तिथून जवळ. तिसरं म्हणजे, सोलापूर-मुंबईसाठी राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये स्वतःच्या तिजोरीतून तूट भरून द्यायचा निर्णय घेतला. एका जिल्ह्याला दिलं की दुसरा मागणारच, आणि सिंधुदुर्गात मागणाऱ्यांचा आवाज कधी लहान नव्हता.

थोडक्यात, विमानं येतील, थांबतील, पुन्हा येतील. माझं मत विचाराल तर राज्याने चिपीला नफ्याच्या हिशोबातून बाहेर काढावं, एसटीच्या तोट्यातल्या फेरीसारखा खर्च गृहीत धरावा आणि त्या बदल्यात कंपनीकडून वेळापत्रकाची हमी लिहून घ्यावी. फेरी रद्द झाली की मदत कापायची. सध्या पैसा आसनांच्या हिशोबाने जातो, भरवशाच्या नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर बँकेला द्यायच्या अहवालात कुडाळ स्टेशन आणि मोपा धरून पाहुणे मोजा, चिपीचे शून्य धरा. तेवढ्यावर हप्ता निघत असेल तर बेधडक करा. पाहुण्यांना आणायला कुडाळ आणि मोपा, दोन्हीकडे जाणारा एक गाडीवाला आधीच ठरवून ठेवा आणि त्याचे दर जाहिरातीतच लिहा. चार खोल्यांना पुरेल इतकं पाणी मे महिन्यात विहिरीला असतं का, हेही यंदाच बघून घ्या. टँकरचा खर्च बऱ्याच जणांच्या हिशोबात सुरुवातीला नसतो.