नवी आवृत्ती घ्यावी, पण नकाशे कधी हलवावेत?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. गेली अकरा वर्षे माझी सारी टाचणे मी एकाच सॉफ्टवेअरमध्ये माइंड मॅपच्या, म्हणजे मधल्या विषयातून शाखा-उपशाखा फुटत जाणाऱ्या नकाशाच्या रूपात करत आले असून आज असे सुमारे चारशे नकाशे माझ्याकडे आहेत. त्यांतील बरेचसे एकमेकांना दुव्यांनी जोडलेले आहेत. या सॉफ्टवेअरची नवी मोठी आवृत्ती नुकतीच आली असून जुन्या ग्राहकांना ती निम्म्या किमतीत, परंतु महिनाअखेरपर्यंतच मिळणार आहे. सर्व नकाशांत एकदम शोध घेता येणे आणि टॅबलेटवर नकाशा उघडणे, या दोन सोयी मला हव्या आहेत. मात्र चाचणीसाठी वापरून पाहिली तेव्हा ती दोनदा आपोआप बंद पडली, आणि पीडीएफ काढल्यावर ‘शेतकऱ्यांचे उठाव’ या शीर्षकात ‘र’चा रफार होऊन ‘शेतकर्यांचे उठाव’ असे उमटले. पैसे भरावेत की थांबावे?

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन निर्णय एकमेकांत गुंतलेले आहेत. परवाना घेण्याला महिनाअखेरची मुदत आहे. चारशे नकाशे नव्या आवृत्तीत हलवण्याला कसलीही मुदत नाही. सवलतीची तारीख जवळ आली की माणूस ही दोन्ही कामे एका दमात उरकतो आणि नंतर पस्तावतो. मी स्वतः काही वर्षांपूर्वी हेच केले होते. त्या वेळी माझ्या नकाशांच्या शाखा जशाच्या तशा आल्या, पण त्यांना जोडलेल्या टिपा आल्या नाहीत, आणि ते ध्यानात येईपर्यंत मी निम्म्या फाइली नव्या स्वरूपात साठवूनही बसलो होतो.

आवृत्ती नवी असेल तेव्हा तिच्यात दोष सापडणारच, पण सगळे दोष एका मापाने मोजू नयेत. सॉफ्टवेअर मध्येच बंद पडते, हा त्रास खरा असला तरी तो बहुधा पुढच्या एकदोन दुरुस्त्यांत जातो. फाइल साठवताना आतला मजकूरच बदलत असेल, तर दुरुस्ती आली तरी गेलेले अक्षर परत येत नाही. म्हणून दोनदा बंद पडण्यापेक्षा तो रफार मला अधिक काळजीचा वाटतो.

‘ऱ्या’मधील आडवा अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात नुक्त्याचा ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’ असतात. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, त्यानंतर ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचे डोळ्यांना न दिसणारे चिन्ह आणि मग ‘य’. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. आपला कळफलक दुसरा प्रकार वापरत असेल आणि सॉफ्टवेअर ते अदृश्य चिन्ह अनावश्यक समजून गाळत असेल, तर उरलेल्या ‘र’चा रफार होणे क्रमप्राप्तच आहे. ते चिन्ह केवळ पीडीएफ काढताना गळते की फाइल साठवतानाच, हे आपल्याला घरबसल्या तपासता येईल. एका नव्या नकाशात ‘दख्खनमधील शेतकऱ्यांचे उठाव, १८७५’ अशी शाखा आपल्या नेहमीच्या कळफलकावर टाइप करावी, तिच्याखाली ‘सुपे’, ‘सावकारांच्या वह्या’, ‘१८७९ चा कायदा’ अशा दोनतीन उपशाखा जोडाव्यात, फाइल साठवून बंद करावी, पुन्हा उघडावी आणि त्या शाखेतील मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवावा. तेथे शब्द शुद्ध दिसला, तर दोष छपाईपुरता आहे. फॉन्ट बदलून किंवा नकाशा चित्र म्हणून काढून तूर्त काम भागेल. नोटपॅडमध्येही रफारच दिसला, तर ही आवृत्ती आपले मराठी खात आहे, आणि दुरुस्ती येईपर्यंत आपला एकही जुना नकाशा तिच्या हाती देऊ नये.

त्याच नकाशात शोधाचीही परीक्षा होऊन जाईल. ‘शेतकऱ्यांचे’ हा शब्द दोन्ही प्रकारांनी दोन शाखांत लिहून शोधून पाहावा. दोहोंपैकी एकच सापडत असेल, तर ज्या सोयीसाठी आपण पैसे मोजणार आहात, ती अकरा वर्षांत निरनिराळ्या कळफलकांवर लिहिलेल्या मजकुरावर अर्धीच चालेल.

यानंतर पाहायचे ते परतीच्या वाटेचे. नवी आवृत्ती जुनी फाइल उघडते, हे सारेच विक्रेते सांगतात. नव्याने साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडते का, हे आपल्यालाच विचारावे लागते. एक्समाइंड या माइंड मॅपच्याच सॉफ्टवेअरचे उदाहरण येथे बोलके आहे. त्याची फाइल म्हणजे प्रत्यक्षात अनेक फाइली एकत्र बांधलेली एक झिप गठडी असते. जुन्या आवृत्तीत नकाशाचा मजकूर त्या गठडीतील एक्सएमएल (खुणा लावून मजकूर लिहिण्याचे एक स्वरूप) फाइलमध्ये असे. २०१८ साली ‘झेन’ ही नव्याने बांधलेली आवृत्ती आली तेव्हा तो जेसन या वेगळ्या स्वरूपात गेला. जुन्या आवृत्तीने अशी फाइल उघडली तर काय व्हावे, याचा विचार मात्र करून ठेवलेला होता. जुन्या एक्सएमएलच्या जागी एक छोटा इशारा ठेवला होता, की ही फाइल येथे नीट उघडत नाही, तिच्यात बदल करून ती साठवू नये, अन्यथा मजकूर कायमचा जाईल. इतका प्रामाणिकपणा प्रत्येक ठिकाणी आढळेलच असे नाही. याउलट फ्रीमाइंड आणि त्यातूनच पुढे वाढलेले फ्रीप्लेन ही विनामूल्य सॉफ्टवेअरे नकाशा साध्या एक्सएमएलमध्ये ठेवतात, जो कोणत्याही मजकूर-संपादकात उघडतो. आपल्या सॉफ्टवेअरमधून ओपीएमएल (शाखा-उपशाखांचा आराखडा साठवण्याचे, अनेक सॉफ्टवेअरांना वाचता येणारे स्वरूप) काढता येत असेल, तर चारशेही नकाशांची तशी एक प्रत काढून ठेवावी. रंग, चित्रे आणि आडवे दुवे त्यात टिकत नाहीत, पण शाखांची उतरंड आणि शब्द टिकतात.

चाचणी प्रतीवरच करावी, हे आपण जाणताच. तरीही दुव्यांमुळे आपल्या बाबतीत एक सापळा आहे. दुव्यात फाइलचा पूर्ण पत्ता नोंदलेला असेल, तर प्रतीतील नकाशावरून दुवा दाबताच मूळ फोल्डरमधील नकाशा नव्या आवृत्तीत उघडतो, आणि आपण तो सवयीने साठवूनही टाकता. मूळ फोल्डर आधी पेन ड्राइव्हवर घेऊन संगणकावरील त्याचे नाव बदलून ठेवावे. मग असे दुवे उघडणारच नाहीत, आणि किती दुवे पूर्ण पत्त्याचे आहेत हेही आपोआप कळेल.

आता पैशांचे. भरण्यापूर्वी विक्रेत्याला ईमेलने विचारून दोन गोष्टींचे उत्तर लेखी घ्यावे : नवा परवाना घेतल्यावर जुना रद्द होतो का, आणि हा परवाना कायमचा आहे की वार्षिक वर्गणीचा. वर्गणीचा असेल, तर ती थांबल्यावर नकाशात बदल करता येतात की ते केवळ पाहता येतात, हेही त्यातच विचारावे. परवाना कायमचा असेल, दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी चालणार असतील आणि नोटपॅडची चाचणी पार पडली असेल, तर मी आपल्या जागी असतो तर या महिन्यात पैसे भरले असते आणि रोजचे काम जुन्याच आवृत्तीत चालू ठेवले असते. यांतील एकाही गोष्टीचे उत्तर प्रतिकूल आले, तर सवलत खुशाल जाऊ द्यावी. अशा सवलती पुन्हा येतात, असा माझा अनुभव आहे.

जुनी आवृत्ती किती काळ चालेल, हे आपल्या संगणकावरही अवलंबून आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. त्यामुळे संगणक बदलण्याचा विचार असेल, तर जुन्या आवृत्तीची इन्स्टॉलर फाइल आणि परवान्याचा क्रमांक आजच जपून ठेवावा, कारण विक्रेते जुने इन्स्टॉलर संकेतस्थळावरून केव्हा काढतील याचा नेम नसतो.

नकाशे हलवण्यासाठी बारावीच्या परीक्षा उरकून लागणारी मे महिन्याची सुटी योग्य ठरेल. तोपर्यंत एकदोन दुरुस्त्या येऊन गेलेल्या असतील. त्यांत आपला रफारही सुटावा, यासाठी तो चार शाखांचा छोटा नकाशा, त्याची बिघडलेली पीडीएफ आणि कळफलकाचे नाव विक्रेत्याकडे आताच पाठवावे. ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढ्याच तक्रारीवर बंगळुरूच्या किंवा बर्लिनच्या प्रोग्रामरला काही करता येत नाही. त्याला तो बिघाड स्वतःच्या पडद्यावर घडवून पाहता आला पाहिजे.