डार्लिंग्टनला पहिल्यांदा जातोयस ना? मग हे ऐक

सदर्न ५००, म्हणजे अमेरिकेत साउथ कॅरोलिनातल्या डार्लिंग्टन ट्रॅकवरची मोटारींची शर्यत, बघायला निघालास, तर सगळ्यात आधी कानांची सोय कर. इअरप्लग नुसते खिशात ठेवू नकोस, घाल. स्कॅनर (टीमचा रेडिओ ऐकायचं यंत्र) भाड्याने मिळाला तर सोडू नकोस. ड्रायव्हर आणि त्याच्या टीमचं बोलणं ऐकल्याशिवाय अर्धी रेस कळत नाही.

तिकीट घेताना कुंपणाजवळच्या स्वस्त रांगांना भुलू नकोस. तिथून गाड्या फक्त सर्रकन जाताना दिसतात. वरच्या रांगेत बस, म्हणजे ट्रॅकचा अंड्यासारखा आकार नीट दिसेल. १९५० साली सुरू झालेला हा ट्रॅक बांधताना जमीनमालकाने मासळीचं तळं हलवू दिलं नाही, म्हणून एका टोकाची वळणं आवळावी लागली. (एका तळ्यापायी ड्रायव्हरांना अजून घाम फुटतो!) भिंतीला घासून गाडीची उजवी बाजू खरवडली की त्याला 'डार्लिंग्टन स्ट्राइप' म्हणतात. तो बघायला विसरू नकोस.

इथला खरबरीत डांबरी रस्ता टायर खातो, म्हणून पुढे कोण आहे यापेक्षा ताजे टायर कोणाकडे आहेत ते बघ. ३६७ फेऱ्या आहेत, घाई नाही.

आणि रेस असते लेबर डेच्या (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची सुट्टी) सुमारास; तेव्हाचा साउथ कॅरोलिनातला उकाडा कोकणातल्या मे महिन्यासारखा चिकट. पाणी, टोपी हवीच.