बर्न्स वॉर्डमध्ये कोण येतं आणि का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: दीड वर्षाच्या मुलाच्या अंगावर आंघोळीचं गरम पाणी सांडलं. सासूबाईंनी लगेच टूथपेस्ट लावली, तर डॉक्टर चिडले. का? (एक आई, नाशिक)

उत्तर: पाच वर्षांखालची जी मुलं आमच्या बर्न्स वॉर्डमध्ये, म्हणजे भाजलेल्यांच्या वॉर्डमध्ये येतात ना, त्यातली बहुतेक आगीने भाजलेली नसतातच, गरम पाणी, चहा, दूध, वरण असं काहीतरी अंगावर सांडलेलं असतं. मूल चालायला लागलं की हाताला लागेल ते ओढतं आणि जमिनीवर ठेवलेली कढत पाण्याची बादली तर बरोबर त्याच्याच उंचीची. ६० डिग्रीचं पाणी मोठ्या माणसालासुद्धा पाचेक सेकंदात खोल भाजतं, बाळाची कातडी तर केवढी पातळ. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बर्फ, यातलं काहीही लावायचं नाही. नळाचं वाहतं गार पाणी २० मिनिटं, उशीर झाला असेल तरी पहिल्या तीन तासांत उपयोग होतो, फक्त बाकीचं अंग उबदार ठेवा कारण लहान मूल पटकन गारठतं. मग स्वच्छ सुती कपडा सैलसर झाकून थेट हॉस्पिटल. पेस्ट लावली की जखम किती खोल आहे ते कळत नाही, आधी ती काढत बसावं लागतं आणि त्या पोराचे हाल होतात हो. आणि बादलीत आधी गार पाणी सोडा, मग गरम.

प्रश्न: मी नर्सिंगला आहे. भाजलेल्यांमध्ये तरुण बायकाच इतक्या का दिसतात? (लातूर)

उत्तर: बाकी बहुतेक अपघातांत पुरुष जास्त मरतात, भाजण्यात मात्र उलटं आहे. २००१ सालच्या आकड्यांवरून केलेला एक अभ्यास २००९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, त्यात भारतात वर्षभरात आगीने गेलेले अंदाजे १ लाख ६३ हजार लोक आणि त्यातल्या १ लाख ६ हजार बायका, बहुतेक १५ ते ३४ वयाच्या. एक कारण सरळ आहे, जमिनीवरची चूल, पंपाचा स्टोव्ह, रॉकेल, लोंबता पदर नाहीतर नायलॉनचा गाऊन, जो पेटला की वितळून अंगाला चिकटतो. गॅस घरोघरी आल्यापासून स्टोव्हच्या केसेस कमी दिसतात, पण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, रात्री गळला तर जमिनीलगत साठतो आणि पहाटे कोणी लाइटचं बटण दाबलं की भडका. वास आला तर बटणाला हात न लावता दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि १९०६ ला फोन करा.

पण दुसरं कारणही बोललंच पाहिजे. काही जणींनी स्वतःला जाळून घेतलेलं असतं, काहींना जाळलेलं असतं, आणि केसपेपरवर मात्र 'स्टोव्हचा भडका' लिहिलेलं असतं. स्वयंपाक करताना पेटलं तर साधारण हात, पोट, छाती, मांड्यांची पुढची बाजू भाजते. सांगितलेली गोष्ट आणि जखमांच्या जागा जुळत नसतील तर तिच्याशी एकटीशी बोलायचं, नवरा-सासू दाराबाहेर. नुसत्या जखमेवरून निकाल लावायचा नाही, पण शंका लिहून ठेवायची आणि पोलिसांना कळवायचं. तिचा जबाब मॅजिस्ट्रेटसमोर वेळेत होणं फार महत्त्वाचं, कारण पहिल्या दिवशी ती बोलू शकते, चौथ्या दिवशी कदाचित नाही. तुम्ही तिच्याजवळ सगळ्यात जास्त वेळ असाल, त्यामुळे ती बोलली तर तुमच्याशीच बोलेल. आणि घरात त्रास होतोय अशी कोणी हे वाचत असेल तर १८१ ला फोन कर गं, वाट बघू नकोस.

प्रश्न: भावाला डीपीवर (विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर) शॉक बसला. हातावर छोटीच जखम आहे, तरी आयसीयूत का ठेवलंय? (बीड)

उत्तर: करंट आत शिरतो आणि स्नायू आतून शिजवत जातो, बाहेर दिसतं ते फार थोडं. लघवी चहासारखी काळपट झाली तर किडनीला धोका, हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात, म्हणून ठेवलंय, घरी न्यायची घाई करू नका. आमच्याकडे असे पेशंट म्हणजे जवळजवळ सगळे कमावते तरुण पुरुष, रात्री फ्यूज टाकायला गेलेले शेतकरी, गच्चीवर लोखंडी सळई उचलणारे मजूर. ११ हजार व्होल्टच्या तारेला तर हातही लागावा लागत नाही, अगदी जवळ गेलं तरी करंट हवेतून उडी मारून अंगात शिरू शकतो.

प्रश्न: शेजारचे काका ३५ टक्के भाजले होते, पहिल्या दिवशी छान बोलत होते, नवव्या दिवशी गेले. असं कसं? (ठाणे)

उत्तर: सुरुवातीला शरीरातलं पाणी कमी होऊन रक्तदाब कोसळतो (डॉक्टर यालाही शॉक म्हणतात, विजेचा नव्हे), तो सलाइनने सांभाळता येतो. नंतर मारतं ते इन्फेक्शन, कारण कातडीच नसते अडवायला. म्हणून भेटायला गर्दी नको. दान केलेली त्वचा जखमेवर लावली तर ती काही दिवस झाकण म्हणून काम करते आणि पेशंट वाचू शकतो. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत पाठ, मांड्या, पाय इथून पातळ थर घेतात, चेहऱ्याला हात लावत नाहीत, रक्तगट जुळावा लागत नाही. मुंबईत सायन हॉस्पिटलला आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरला स्किन बँक आहे, टीम घरीसुद्धा येते, फक्त घरच्यांनी वेळेत फोन करायला हवा.