नियत, भाकीत आणि आणाभाका

प्रश्न असा आहे: भौतिकशास्त्रानुसार भविष्य 'नियत', म्हणजे आधीच ठरलेलं, आहे म्हणावं, की त्याचं 'भाकीत' करता येतं म्हणावं? अर्थ एकच ना?

नाही. आणि आधी ते 'भाकीत' दीर्घ लिहा. 'कथित', 'लिखित'च्या पंगतीला बसवून लोक त्याचं 'भाकित' करतात. ते तत्सम नाही, अस्सल मराठी आहे. सामान्यरूपात मात्र 'भाकिताला'. भाक देणे, करुणा भाकणे आणि प्रेमिकांच्या आणाभाका ही सगळी त्याचीच भावंडं. भाषा, भाखा, भाक अशी ही वाट असावी असं माझं ठाम मत. म्हणजे भाकीत हे निव्वळ बोलणं! गंमत अशी की लॅटिन 'फातुम'चा मूळ अर्थही 'बोललं गेलेलं'. त्याचं पुढे दैव झालं. तिकडे बोललेलं अटळ ठरलं, आपल्याकडे ते बोलणंच राहिलं. आपलंच बरं.

तर, भाकिताला बोलणारा लागतो, नियत असायला कुणी लागत नाही. १९६१ साली हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झने संगणकावरचं हवामान पुन्हा चालवताना ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरलं आणि थोड्याच काळात आधीचं नि नंतरचं हवामान एकमेकांना ओळखेना. समीकरणांत दैवयोगाला तिळभर जागा नव्हती. सगळं नियत, तरी भाकीत फसलं. उलट रेडिअम-२२६ हे किरणोत्सारी मूलद्रव्य घ्या. ढिगातले निम्मे अणू सुमारे १६०० वर्षांत फुटणार, हे भाकीत बिनचूक. पण अमुक एक अणू कधी फुटेल हे पुंजयामिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) प्रचलित अर्थानुसार नियतच नाही.

'नियतिवाद' या शब्दावर तर माझा रागच आहे. तो बुद्धाच्या काळातल्या मक्खली गोसालाच्या आजीविक पंथाचा. फेकलेला सुताचा गुंडा उलगडत जाऊन संपतो तसा संसार संपणार, माणसाच्या धडपडीने काही होत नाही, हे त्यांचं म्हणणं. परिभाषा घडवणाऱ्यांनी 'डिटरमिनिझम'साठी तोच शब्द घेऊन फ्रेंच गणिती लाप्लासच्या गळ्यात बांधला. लाप्लास १८१४ साली एवढंच म्हणाला होता की एका क्षणीची सगळी बलं आणि सगळ्या वस्तूंची स्थिती जाणणाऱ्या बुद्धीला पुढचंही दिसेल. धडपड व्यर्थ आहे असा त्याचा अर्थ होत नाही. पण शब्द चुकला आणि आता 'विज्ञानही नशीब मानतं' हे ऐकून घ्यावं लागतं. 'निश्चिततावाद' म्हणा ना! बोजड आहे, पण त्याला कपाळावरच्या रेषा चिकटलेल्या नाहीत.

आणि हवामान खात्याचा असतो तो अंदाज. बातम्यांत त्याची 'भविष्यवाणी' करणाऱ्यांना हात जोडतो.