समुद्रात तासन्‌तास पोहण्यात मजा कसली?

तुमचा प्रश्न असा की चाळिशी-पन्नाशीतली माणसं समुद्रात तासन्‌तास हात मारत का राहतात, बोअर होत नाही का, आणि आजवर फक्त पूलमध्ये लॅप्स मारलेल्या माणसाने आता या वयात हे सुरू करावं का. बरीच वर्षं यात आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बोअरबद्दल. पूलमध्ये मीही बोअर होते. खाली तीच काळी रेघ, समोर तीच भिंत. समुद्रात रेघच नसते, त्यामुळे दर आठ-दहा हातांनी मगरीसारखे फक्त डोळे पाण्यावर काढून आपण कुठे चाललोय ते बघावं लागतं, आणि नेमकी तेव्हा लाट आली तर समोर पाण्याची भिंत, बोया (खुणेसाठी पाण्यावर तरंगत ठेवलेला गोळा) गायब! मग लाटेने वर उचलायची वाट बघायची, तेवढ्यात दिशा पकडायची. यात डोकं एवढं गुंतून जातं की कंटाळा यायला फुरसतच मिळत नाही. (खरा कंटाळा येतो तो गॉगलमध्ये पाणी झिरपायला लागल्यावर, पण ते असो.)

आता मजा कसली, तर इंग्लंड आणि फ्रान्समधली इंग्लिश खाडी पोहून पार करायचे नियम एकदा बघा. साधा स्विमसूट, एक टोपी, गॉगल, अंगाला ग्रीस चालतं, वेटसूट (थंडीपासून वाचवणारा रबरी पोशाख) नाही. सोबतच्या बोटीला आधारासाठी हात लावला की आउट. खाणं-पिणं दोरीला बांधलेल्या बाटलीतून, म्हणजे बोटीवरून कोणीतरी बाटली फेकणार, तुम्ही पाण्यातच उताणे होऊन गटागटा पिणार आणि बाटली सोडून पुढे निघणार. पलीकडे पोचल्यावर पाण्यातून पूर्ण बाहेर येऊन कोरड्या जमिनीवर उभं राहायचं, तेव्हा कुठे झालं. सांगा बरं, हे लहानपणीच्या डोंगर-पाणीपेक्षा वेगळं आहे का? फेरीबोटीने दीड तासात पलीकडे जाता येत असताना मोठी माणसं आपणहून असले नियम घालून घेतात आणि जीव तोडून पाळतात. मला विचाराल तर खेळ आणि आव्हान या इथे दोन गोष्टी नाहीतच, नियम खेळातले आहेत आणि थंडी खरी आहे, एवढंच.

आणि मेहनतीचं फळ मिळेलच असंही नाही, ऑफिसात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हेच पचत नाही. खाडी सर्वात अरुंद जागी साधारण 33 किमी, पण भरती-ओहोटीचा प्रवाह दर सहा तासांनी उलटतो, त्यामुळे पोहणारा सरळ जातच नाही, नागमोडी वाहवत जातो. 1875 मध्ये मॅथ्यू वेब या इंग्रज कप्तानाने ती आधाराशिवाय पोहून पार केली, असं करणारा तो पहिलाच, तेव्हा 21 तास 45 मिनिटं लागली, त्यातले शेवटचे कित्येक तास किनारा समोर दिसत होता आणि प्रवाह पोचू देत नव्हता. आपल्या भारतीय जलतरणपटू आरती साहांचं तर पहिल्या प्रयत्नात तासन्‌तास पोहून पार पडलं नाही, पण साधारण महिन्याभराने, सप्टेंबर 1959 मध्ये, त्या परत उतरल्या आणि पार करणाऱ्या पहिल्या आशियाई महिला ठरल्या. पाण्याला तुमचा हुद्दा, वय, वेळापत्रक काही कळत नाही, आणि मोठेपणी असं कोणी भेटणं फार दुर्मीळ आहे हो.

वयाचं म्हणाल तर लांब पल्ल्यात वेगाला तेवढी किंमत नाही. एक लय धरून तासन्‌तास चालू ठेवणं, थंडी सोसणं, चिडचिड न करणं हे जास्त लागतं, ते बऱ्याचदा तिशीनंतरच जमतं, आणि अंगावर थोडी चरबी असेल तर थंड पाण्यात ती कामालाच येते. खाडीसाठी आधी 16 अंश किंवा त्याहून थंड पाण्यात सलग सहा तास पोहून दाखवावं लागतं, पण तुम्ही तिकडे आत्ताच बघू नका.

सुरुवात किनाऱ्याला समांतर करा, आत खोलवर नको. एकट्याने कधीच नाही. कमरेला रंगीत फ्लोट बांधा, काखेत आणि मानेला व्हॅसलिन चोपडा, खाऱ्या पाण्यात कातडी सोलवटते आणि ते तुम्हाला घरी आंघोळ करताना समजेल. पाणी थंड असेल तर उतरल्या उतरल्या श्वास अडकल्यासारखा होतो, मिनिटभर तरंगत राहा, श्वास शांत होतो, मगच पोहायला लागा. घड्याळ पहिले काही दिवस घरीच ठेवा, नाहीतर पूलचा वेग तिथे मोजत बसाल आणि उगाच हिरमुसाल.

बाहेर आल्यावरही काही वेळ अंग आतून गार होत जातं, म्हणून ओले कपडे लगेच बदला, गाडी लगेच चालवू नका आणि कडकडीत गरम पाण्याखाली धावू नका. बटणं आणि चेनवाले कपडे आणूच नका, बोटं ऐकत नाहीत, आणि मोजे दुसऱ्याकडून घालून घ्यायची लाजही बाळगू नका, सगळेच घालून घेतात.